कळवणार, अब्वोली

न्यामिटेराच्या बाजारात कुणी "केझिया काबाहेंडा कुठे राहतात?" असं विचारलं, तर लोक त्याच्याकडे कर वसूल करायला आलेल्या माणसासारखं बघतात. "रेडिओवाल्या अब्वोली" म्हटलं की मात्र तीन जण घरापर्यंत सोडायला निघतात, आणि त्यातले दोन चहाला थांबतात.

अठ्ठावीस वर्षं केझियाबाईंनी गावच्या रेडिओवर निधनाच्या सूचना वाचल्या. सकाळी सातला आणि दुपारी एकला. त्या वेळी बाजारातली भांडणंसुद्धा थांबत. कढईतलं ढवळणं थांबे, केळीवाली तराजू खाली ठेवी. प्रत्येक सूचना बाई दोनदा वाचत, दुसऱ्यांदा जरा हळू. पहिल्यांदा ऐकून माणसाला कळतं, पण खरं वाटत नाही, म्हणून दुसऱ्यांदा वाचायचं, असं त्या नव्या पोरींना शिकवत. आणि विशेषणांना त्यांच्याकडे थारा नव्हता. कुणी "अत्यंत प्रेमळ, दानशूर, सर्वांचे लाडके" असं लिहून आणलं की बाई पेन काढून सगळं कापत आणि म्हणत, "माणूस मेलाय, लग्नाला उभा नाहीये. नाव सांगा, गाव सांगा, माती कधी ते सांगा."

असल्या बाईंनी एकदा मात्र जे कापायला नको होतं ते कापलेली सूचना वाचली. त्याला अकरा वर्षं झाली.

कोबुसिंगे नावाची मुलगी होती, तिचं एम्पाको, म्हणजे हाकेचं नाव, अद्येरी. पोटुशी होती, दिवस भरले होते. दवाखान्याची गाडी कुठल्याशा पुढाऱ्याच्या कामाला गेली होती. नवऱ्याने तिला चारचाकी ढकलगाडीवर घालून आणलं आणि ती दवाखान्याच्या फाटकातच वारली. तिचा भाऊ रुसोके तेव्हा नुकता पोलिसात लागला होता. त्याने स्वतःच्या हाताने सूचना लिहून आणली: "कोबुसिंगे अद्येरी काल दवाखान्याच्या फाटकात वारली, कारण दवाखान्याची गाडी आली नाही." रेडिओच्या मॅनेजरने पेन्सिल घेतली आणि 'कारण'पासून पुढे रेघ मारली. "निधनाच्या सूचनेत कारण लागत नाही," तो म्हणाला. "उगाच वरून फोन येतात."

बाईंनी अर्धं वाक्य वाचलं. नेहमीप्रमाणे दोनदा वाचलं. तीन महिन्यांनी गुडघ्याचं कारण सांगून त्यांनी नोकरी सोडली. गुडघा बिचारा ठणठणीत होता. तो कागद मात्र त्यांनी घरी आणला आणि पेन्सिलच्या रेघेसकट रेडिओखाली ठेवला.

रुसोके त्यांना कधी एक शब्द बोलला नाही. रोज सकाळी ठाण्यावर जाताना तो बाईंच्या फाटकाशी थांबे, टोपी काढे आणि विचारी, "अब्वोली, रात्र कशी गेली?" बाईही त्याचं एम्पाको घेऊन म्हणत, "बरी गेली, अमूती. तुमची?" की तो पुढे. पूर्वी तो आत येऊन चहा पीत असे. त्या सूचनेनंतर फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. बाईंना हेच लागे. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर चार परत देता आल्या असत्या. इतक्या आदराने रोज नमस्कार करणाऱ्या माणसाचं करायचं काय?

आता हे एम्पाकोचं प्रकरण बाहेरच्यांना कळत नाही, आणि पुढची सगळी गंमत त्यातच आहे. आमच्या टोरो भागात माणसाला कागदावरचं नाव एक आणि हाकेचं नाव एक. बारशाला आत्या-मावश्या नाचणीचा उंडा आणि धुरावलेलं मटण पुढ्यात घेऊन बसतात, बाळाचं तोंड न्याहाळतात आणि ठरवतात: हा अमूती, ही अद्येरी, हा अराली. अशी नावं सगळी मिळून बारा. त्यातलं एक राजासाठी राखीव. उरलेल्या अकरांत आम्ही लाखो माणसं दाटीवाटीने राहतो. एम्पाको घेऊन हाक मारली की आदर झाला, वर रावसाहेब-बाईसाहेब नको. आणि एम्पाको ठाऊक नसलेल्या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

नोकरी सुटल्यावर बाईंनी केळी लावली, मांजर पाळलं आणि दोन्हींशी बोलून कंटाळल्या. मग बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या किसेंबोने त्यांना एक फोन दिला. सरकारने फेसबुक बंद करून तेव्हा बरेच दिवस झाले होते आणि न्यामिटेरातल्या आज्यासुद्धा व्हीपीएन कसं टाकायचं ते एकमेकींना सांगू लागल्या होत्या. सकाळी उठायचं, चष्मा लावायचा, व्हीपीएन चालू करायचं, म्हणजे जग दिसतं. किसेंबोने बाईंना एक पान उघडून दिलं. त्यावर बाईंच्या झोपलेल्या मांजराचा फोटो लावला आणि नाव दिलं 'न्यामिटेरा निधनवार्ता'. खाली सही काय करायची? बाई म्हणाल्या, "जे आहे ते कर. अब्वोली."

पहिली वार्ता अशी होती: "कळवण्यास वाईट वाटते की दवाखान्यासमोरचा रस्त्याचा दिवा मंगळवारी वारला. वय चार महिने. मागे दोन विधवा खांब आहेत. उद्घाटनाला आलेल्या सर्वांनी मातीलाही यावे. कळवणार, अब्वोली."

मग शाळेचं छप्पर वारलं. पाण्याची टाकी तर जन्मतःच मृत होती. पुलाची सूचना तीनदा निघाली, कारण पूल तीनदा बांधला होता. गावात कुणी वाचू लागलं की आवाज बाईंचाच ऐकू येई, सात वाजताचा, जरा घोगरा, घाई नसलेला. तेव्हा लिहिणारं कोण हे गावात सगळ्यांना माहीत होतं. बोललं मात्र कुणी नाही. अळीमिळी गुपचिळी. फक्त निवृत्त हेडमास्तर तिबामवेंडा गुत्त्यात कुणी पानाची स्तुती केली की खाली बघून लाजत, त्यामुळे त्यांना अधूनमधून कुणीतरी बिअर पाजी.

निवडणुकीला सहा आठवडे उरले असताना ती वार्ता निघाली.

"कळवण्यास वाईट वाटते की सरकारी दवाखान्याची ॲम्ब्युलन्स शनिवारी रुग्णांपुरती वारली. वय दोन वर्षे. ती शेवटची जिवंत दिसली जिल्हाध्यक्षांच्या लेकीच्या पाठवणीत, आणि आत चाळीस खुर्च्या व एक लाउडस्पीकर होता. त्याच वेळी एक बाई कळा देत बोडाच्या, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलच्या, मागे बसून दवाखान्यात गेली. आई आणि बाळ सुखरूप आहेत. मोटरसायकलवाल्याची तब्येत अजून बरी नाही. कळवणार, अब्वोली."

ही वार्ता डोंगरापलीकडे गेली, राजधानीत गेली, परदेशात भांडी घासणाऱ्या आमच्या पोरींनी ती एकमेकींना पाठवली. जिल्ह्याचे अध्यक्ष संतापले. खुर्च्या नव्हत्याच असं ते म्हणाले नाहीत. खुर्च्या पन्नास होत्या, असं त्यांच्या मेव्हण्याने सांगितलं. पण संगणकावरून मोठ्या माणसाचा अपमान हा गुन्हा आहे, असा कायदा त्यांच्या वकिलाला सापडला आणि राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीतून एक तपास अधिकारी न्यामिटेरात उतरला.

त्याचं नाव ओकिरोर. पूर्वेकडचा, टेसोचा. उंच, सभ्य, थोडा उदास. त्याच्या खिशात हुकूम होता: 'अब्वोली' नामक इसमास शोधावे, वार्ता पुसून घ्यावी, इसमास राजधानीत आणावे. काम अर्ध्या दिवसाचं वाटलं होतं त्याला.

बाजारात त्याने टोमॅटोवालीला विचारलं, "अब्वोली कोण?"

"मी," ती म्हणाली.

ओकिरोरचा हात वहीकडे गेला. तेवढ्यात शेजारची म्हणाली, "मी पण आहे, साहेब."

"तुम्ही दोघी?"

"आणि माझा दीर," तिसरी म्हणाली. "आणि तो बघा, कोंबड्या विकतोय तो. त्याची आईसुद्धा होती, पण ती वारली."

"मांजरं राहिली की गं," पहिली म्हणाली. "मांजर म्हटलं की ते अब्वोलीच. लिहून घ्या साहेब, गावात फार आहेत."

दोन दिवसांत त्याच्या वहीत एकसष्ट नावं झाली. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या टोकाला त्याला एक पाटी दिसली. हिरव्या रंगात, हातभर अक्षरांत: 'अब्वोली मोबाइल क्लिनिक. व्हीपीएन टाकून मिळेल.' एखादा गुन्हेगार स्वतःच्या दारावर पाटी कशाला लावेल, हा विचार त्याच्या मनात आला नसेल असं नाही, पण तीन दिवस उन्हात फिरलेल्या माणसाला पाटी दिसली की तो वाचतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं त्या दुकानाच्या किसेंबोला उचललं; त्याचंही एम्पाको अब्वोलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुसोके नेहमीप्रमाणे फाटकाशी थांबला. टोपी काढली.

"अब्वोली, रात्र कशी गेली?"

"बरी गेली, अमूती. तुमची?"

पण तो पुढे गेला नाही. टोपी हातात फिरवत म्हणाला, "किसेंबो आत आहे. काल जेवला नाही. म्हणतो, दाढ दुखतेय."

"दाढ?"

"कालपर्यंत नव्हती दुखत." रुसोकेने केळीच्या घडांकडे बघितलं. "साहेब वाईट नाही हो. ते म्हणतात, पान राहू दे. सगळी वार्तासुद्धा राहू दे. फक्त ते 'आणि'पासून पुढचं, चाळीस खुर्च्या आणि लाउडस्पीकर, तेवढं अर्धं वाक्य पुसा, म्हणजे अध्यक्षांचं समाधान. मग किसेंबो घरी. नाही पुसलं तर उद्या गाडीत घालून राजधानीत."

"आणि किसेंबो काय म्हणतो?"

"म्हणतो, पासवर्ड आठवत नाही." रुसोकेने टोपी डोक्यावर घातली. "मी आपलं सहज सांगितलं. तुम्ही रेडिओवाल्या, तुम्हाला बातम्या लागतात."

तो गेला. बाई पायरीवर बसल्या. मांजर येऊन मांडीत बसलं, त्याला त्यांनी खाली ठेवलं. फोन काढला, व्हीपीएन चालू केलं, ती वार्ता उघडली. अर्धं वाक्य. बोटाने दोनदा दाबलं की गेलं, आणि किसेंबो दुपारी जेवायला घरी. त्याच्या दुकानासमोर लोक बंद फोन हातात धरून उभे असतील. तो मुलगा आपल्यासाठी दाढ दुखवून बसलाय. पुसलं तर कुणाचं काय जाणार आहे? वाचायचं ते सगळ्यांनी वाचलंय. खुर्च्या काही परत ॲम्ब्युलन्समध्ये जाऊन बसणार नाहीत.

बाईंना भीती वाटत होती, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. सदुसष्टाव्या वर्षी माणूस तुरुंगाला भीत नाही, तिथल्या संडासाला भितो. अंगठा त्या ओळीवर ठेवून त्या बराच वेळ बसल्या. मग त्यांना त्या जुन्या पेन्सिलचा आवाज आठवला. कागदावर सरकताना ती किती हलका आवाज करते! मॅनेजरही वाईट माणूस नव्हता. त्यानेही अर्धंच वाक्य मागितलं होतं.

बाईंना एकदम राग आला. अध्यक्षांचा नाही, साहेबाचाही नाही, स्वतःचाच. त्यांनी फोन बंद केला आणि चूल पेटवली. नाचणीचं पीठ घोटून घोटून उंडा केला. आढ्याला टांगलेलं धुरावलेलं मटण उतरवलं, शेंगदाण्याच्या रश्श्यात शिजवलं. सगळं टोपलीत भरलं, चर्चचं निळं वस्त्र नेसलं, रेडिओखालचा कागद काढून बघितला आणि परत ठेवून दिला. त्याची गरज नव्हती, तो पाठ होता. हात दाखवून अवलक्षण करायला त्या ठाण्याकडे निघाल्या.

ठाण्यात रांग होती.

बाईंना वाटलं, कुठला दाखला वाटतायत की काय. पण रांगेच्या तोंडाशी हेडमास्तर तिबामवेंडा कोट घालून उभे होते, त्यांच्यामागे खाटीक, त्यामागे चर्चच्या गाण्यातल्या दोघी, त्यामागे टोमॅटोवाली, आणि असे मिळून चौदा जण. सगळे अब्वोली. टेबलाशी रुसोके नोंदवही उघडून बसला होता. शेजारी ओकिरोर, डोकं दोन्ही हातांत धरून.

"काय चाललंय?" बाईंनी टोमॅटोवालीला विचारलं.

"गुन्हा कबूल करतोय," ती म्हणाली. "तुम्ही मागे उभ्या राहा हं. आम्ही सकाळपासून आहोत."

"तू काय लिहिलंस?"

"काही नाही. पण मास्तर एकटेच नाव कमावतील म्हणून आले. आणि किसेंबोने माझा फोन फुकट दुरुस्त केलाय."

हेडमास्तर ओकिरोरला सांगत होते, "ती वार्ता माझीच. मला शिक्षा करा. वर्तमानपत्रात फोटो येणार असेल तर डाव्या बाजूने घ्या."

"मास्तर," ओकिरोर थकून म्हणाला, "हा कागद घ्या. बाजारातला नळ वारला असं समजा. लिहा."

मास्तरांनी चष्मा पुसला, लिहिलं, कागद पुढे केला. ओकिरोरने मोठ्याने वाचलं: "अत्यंत दुःखद, हृदयद्रावक आणि अपरिमित अशा..." तो तिथेच थांबला. "हे तुम्ही नाही. तो माणूस विशेषणं वापरत नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी सगळ्या वाचल्यात. एकशे बारा." तो जरा अवघडला. "काही दोनदा वाचल्या. पुलाची तीनदा."

रांगेत कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. बाई टोपली घेऊन सरळ टेबलाशी गेल्या.

"रांग आहे, आजी," ओकिरोर म्हणाला.

"किसेंबोचं जेवण आणलंय. तुमचं एम्पाको काय?"

"माझं? मला नाही. आमच्याकडे नसतं ते."

"मग मी तुमच्याशी बोलू कशी? जबाब द्यायचा तो कुणाला द्यायचा?" बाईंनी टोपलीवरचं झाकण काढलं. "आधी जेवा. किसेंबोला बाहेर बोलवा. दोन दिवस उपाशी माणसाला विचारलं की तो काहीही कबूल करतो, मास्तरांसारखं."

वास ठाण्याभर पसरला. किसेंबो गजाआडून म्हणाला, "दाढ थांबली." रुसोकेने साहेबाला न विचारताच कुलूप काढलं. ओकिरोर टोपलीकडे बघत होता.

"हा नाचणीचा आहे?"

"मग काय मातीचा?"

"आमच्याकडे आई करते. कसाव्याचं पीठ घालून." त्याने हात धुतले, उंड्याचा तुकडा मोडला, अंगठ्याने खळगा केला आणि रस्सा उचलला. टेसोत काय, टोरोत काय, अंगठ्याची रीत एकच. तो मटणाचे दोन तुकडे खाऊन होईपर्यंत सगळी रांग गप्प उभी राहून त्याच्याकडे बघत होती, बारशाला बाळाकडे बघतात तशी.

"झालं," टोमॅटोवाली म्हणाली. "खाल्लं त्याने. आता नाव द्या."

बाईंनी त्याचा चेहरा न्याहाळला. डावीकडून, उजवीकडून. "अब्वोली," त्या म्हणाल्या.

ओकिरोरचा घास हातातच राहिला. "म्हणजे मी पण?"

"सोळावे," रुसोके नोंदवहीत बघून म्हणाला. "लिहू का, साहेब?"

हसणं ओसरल्यावर बाई म्हणाल्या, "आता तुमच्याशी बोलता येईल. अब्वोली, ते पान माझं आहे. किसेंबोला सोडा, मला घेऊन चला. संडासाची सोय तेवढी आधी सांगा."

"आजी, घरी जा. त्याला वाचवायला आलात, कळलं मला. सगळे त्यासाठीच आलेत." ओकिरोरने बोटं पुसली आणि आवाज खाली आणला. "ऐका माझं. कुणाचंही पान असो. अर्धं वाक्य काढा. मला कुणालाच न्यायचं नाहीये. मला पण घरी जायचंय. अर्धं वाक्य हो, काय मोठं?"

"ते मी एकदा काढलंय," बाई म्हणाल्या.

त्यांनी हात पुढे बांधले, रेडिओच्या खोलीत बांधत तसे. कुणाकडे बघितलं नाही. आणि वाचायला लागल्या, कागद नसताना.

"कळवण्यास वाईट वाटते. कोबुसिंगे अद्येरी काल दवाखान्याच्या फाटकात वारली, कारण दवाखान्याची गाडी आली नाही. कळवणार, तिचा भाऊ."

खाटीक हात मागे बांधून उभा राहिला. बाहेर आवारात कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, त्यानेही ती बंद केली. रुसोकेने पेन खाली ठेवलं होतं. तो नोंदवहीकडेच बघत होता आणि त्याची मान वर येत नव्हती.

बाईंनी एक श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा वाचलं, जरा हळू. 'कारण' या शब्दावर आवाज फाटला. अठ्ठावीस वर्षांत कधी फाटला नव्हता. त्या थांबल्या नाहीत, वाक्य पूर्ण केलं.

ओकिरोर मूर्ख नव्हता. एकशे बारा वार्ता वाचलेला माणूस होता. तो रुसोकेकडे वळून म्हणाला, "हवालदार, या बाईंचं नाव लिहिलंत?"

"नाही, साहेब."

"का?"

"पान संपलं."

"नवीन पान घ्या."

"पेन पण संपलं, साहेब."

पेन टेबलावर पडलं होतं, निम्म्याहून जास्त भरलेलं, आरपार दिसणारं. ओकिरोरने त्याच्याकडे बघितलं. रुसोकेच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याने नोंदवही मिटली आणि टोपलीतला उरलेला उंडा जवळ ओढला.

त्याने राजधानीला पाठवलेला अहवाल एका पानाचा होता. रुसोकेने तो टाइप केला, त्यामुळे गावाला तो पाठ आहे. 'न्यामिटेरा येथे अब्वोली नावाच्या व्यक्ती मोजता येत नाहीत. चौकशी करणारा अधिकारी त्यांपैकी एक आहे. नेमकी कोण, हे सिद्ध होत नाही. अर्धे वाक्य पुसण्यास कोणीही तयार नाही.' त्यात एकही विशेषण नव्हतं. बाईंनी ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "पोरगा शिकला."

पुढे फार भलं झालं असं कुणी समजू नये. दहा दिवसांनी वरून कुणीतरी ते पानच बंद करून टाकलं. किसेंबोने त्याच संध्याकाळी 'निधनवार्ता दोन' उघडलं आणि पहिलीच सूचना पहिल्या पानाच्या निधनाची निघाली. अध्यक्ष निवडून आलेच. ॲम्ब्युलन्स मात्र आता दवाखान्याच्या फाटकात उभी असते, रोज धुतलेली, आणि धाकट्या लेकीच्या पाठवणीला खुर्च्या ट्रकमधून गेल्या. मेव्हण्याने ट्रकचा फोटो काढून स्वतःहून पानावर पाठवला. हेडमास्तरांना अजून बिअर मिळते.

ठाण्यातून परत आल्यावर त्या दिवशी दुपारी एक वाजता बाईंनी कोबुसिंगेची सूचना पानावर घातली. पूर्ण, अकरा वर्षं उशिरा. खाली लोक काही लिहीत नव्हते, फक्त तिला हाक मारत होते. अद्येरी. अद्येरी. अद्येरी. संध्याकाळपर्यंत बोटाने कितीही खाली सरकवलं तरी तेच एक नाव येत राहिलं. नवीन पानावरही किसेंबोने ती सगळ्यात वर डकवली, आणि महिन्याभराने तिथे राजधानीतून एक हाक आली: "अद्येरी. कळवणार, अब्वोली." किसेंबोने चौकशी केली आणि हसत सांगत आला की सरकारी माणूस आहे, व्हीपीएन टाकलंय, तेही चुकीचं.

पण हे नंतरचं. त्या दिवसानंतरची सकाळ सांगायची राहिली. बाई अंगणात केर काढत होत्या. रुसोके आला, फाटकाशी थांबला, टोपी काढली.

"अब्वोली, रात्र कशी गेली?"

"बरी गेली, अमूती. तुमची?"

त्याने फाटकाची कडी काढली. ती गंजली होती, दोनदा ओढावी लागली. आत येऊन तो पायरीवर मांजराशेजारी बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाला, "चहा टाकलाय का?"

बाईंच्या हातातला झाडू तसाच राहिला. "टाकते," त्या म्हणाल्या, आणि मग, नीट ऐकू जावं म्हणून, जरा हळू, पुन्हा एकदा म्हणाल्या, "टाकते."